जगबुडीचे मुनीम

दिवाळी अंकाच्या शेवटच्या पानांत वार्षिक राशिभविष्य असते, आणि पुष्कळ वाचक अंक हाती पडला की तो मागूनच उघडतात, हे मला ठाऊक आहे. त्या पानांकडे जाताना वाटेत घटकाभर माझ्यापाशी थांबावे, एवढीच माझी विनंती. राशिभविष्य बिचारे एका माणसाचे आणि एका वर्षाचे असते. मला बोलायचे आहे ते साऱ्या जगाच्या एकरकमी भविष्याविषयी, म्हणजे जगबुडीविषयी. सणासुदीला हा अभद्र विषय कशाला, असे घरातली वडील मंडळी म्हणतील. पण विषय मी आणलेला नाही. तो खिशातल्या मोबाइलमधून घराघरांत आधीच येऊन बसला आहे.

मी राहतो लाखनीस. भंडारा जिल्ह्यातले, मुंबईहून कोलकात्याला जाणाऱ्या महामार्गावरचे, चहूबाजूंनी धानाच्या बांध्यांनी वेढलेले हे गाव. शाळेत भूगोल शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे पृथ्वीची चौकशी करायला लोक अजून माझ्याकडे येतात. २०२५ च्या सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या एका उपदेशकाने जाहीर केले की, २३ आणि २४ सप्टेंबर या दोन दिवसांत येशू ख्रिस्त येणार आणि आपल्या भक्तांना वर उचलून नेणार. त्या चित्रफिती जगभर फिरल्या. आमच्याकडे येईतो त्यांत कलियुग मिसळले, आवाज हिंदी झाला आणि मागे मेघगर्जना लागली. माझा एक जुना विद्यार्थी, आता चार एकरांचा शेतकरी, ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "गुरुजी, दुनिया बुडनार हाये म्हन्तेत. खरं काजी?" मी काही बोलण्याआधी त्याने पुढचा प्रश्न टाकला. "मंग पोरीची नर्सिंगची फी कायले भरू?"

त्याच्या घरात बायबल नाही. त्याने चर्चची पायरी चढलेली नाही. तरीही कुठल्या तरी परक्या मुलखातल्या माणसाने मांडलेला हिशोब त्याच्या लेकीच्या फीपर्यंत येऊन पोचला. त्याचा पहिला प्रश्न आकाशाविषयी होता आणि दुसरा पोरीविषयी. माझा सगळा वाद त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

तारीख सांगणारा नेहमी ग्रंथाचा हवाला देतो, आणि ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो ग्रंथ उघडलेला नसतो. तेव्हा आधी ग्रंथच पाहू. बायबलच्या जुन्या करारात दानीएलाचे पुस्तक आहे आणि नव्या कराराच्या अगदी शेवटी प्रकटीकरण नावाचे पुस्तक आहे. या मंडळींचा मुख्य माल या दोन कोठारांतला. तिथे समुद्रातून निघणारी श्वापदे आहेत, दहा शिंगे आहेत, सात शिक्के आहेत, चार घोडेस्वार आहेत आणि ६६६ हा आकडा आहे. हे वाचून अंगावर काटा येतो यात शंका नाही. पण हे लिहिले कोणी, कोणासाठी आणि कोणत्या दिवसांत?

बहुतेक अभ्यासकांचे म्हणणे असे की, दानीएलाची दर्शने आजच्या रूपात आली ती इ. स. पूर्व १६७ च्या सुमारास. चौथा अँटायोकस या ग्रीक वंशाच्या राजाने तेव्हा यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले होते आणि यहुद्यांच्या धर्माचरणावर बंदी घातली होती. प्रकटीकरण लिहिले गेले पहिल्या शतकाच्या अखेरीस, रोमन साम्राज्याच्या छायेत राहणाऱ्या आशिया मायनरमधल्या सात ख्रिस्ती मंडळ्यांसाठी. उघड बोलावे तर जीव जातो, गप्प बसावे तर धीर जातो, अशा वेळी माणसे आडपडद्याने बोलतात. रोमला बाबेल म्हणायचे, सम्राटाला श्वापद म्हणायचे. हिब्रू भाषेत प्रत्येक अक्षराला अंकाची किंमत असते. 'नेरोन केसर', म्हणजे सम्राट नीरो, हे नाव त्या अक्षरांत मांडून बेरीज केली की ६६६ येते. ज्यांच्यासाठी लिहिले होते त्यांना ते कोडे सोडवायला ज्योतिषी लागत नव्हता.

मराठी वाचकाला ही गोष्ट समजायला परदेशी जावे लागत नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. नाटक महाभारतातले. पण रंगमंचावरचा उन्मत्त कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, विटंबना होणारी द्रौपदी म्हणजे हा देश, संयम धरून बसलेला धर्मराज म्हणजे मवाळ आणि हात शिवशिवणारा भीम म्हणजे जहाल, हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होते. ते इंग्रज सरकारलाही कळले, म्हणून १९१० साली त्या नाटकावर बंदी आली. आता कल्पना करा, दोन हजार वर्षांनी कोणा परमुलखातल्या पंडिताच्या हाती हे नाटक लागले. कर्झन कोण, मवाळ-जहाल कोण, याची त्याला वार्ता नाही. तो संवाद मोजतो, प्रवेशांना अंकांनी गुणतो, अज्ञातवासाची वर्षे त्यात मिळवतो आणि सांगतो की अमुक साली अमुक वारी जग संपणार! खाडिलकरांचा आत्मा काय म्हणेल? दानीएल आणि प्रकटीकरण या पुस्तकांची नेमकी हीच दशा मुनीम मंडळींनी केली आहे. जुलमी राजाचे दिवस भरले आहेत, धीर धरा, असे एका पिचलेल्या समाजाला सांगणारे ते शब्द. या मुनिमांनी त्यांची रोजकीर्द करून टाकली.

या धंद्यातली मोठी पेढी अमेरिकेतल्या विल्यम मिलरची. हा माणूस शेतकरी होता आणि प्रामाणिक होता, हे आधी सांगितले पाहिजे. दानीएलाच्या पुस्तकात २३०० दिवसांचा उल्लेख आहे. मिलरने एक दिवस म्हणजे एक वर्ष असे धरले, आरंभ इ. स. पूर्व ४५७ पासून केला आणि उत्तर काढले १८४३. ते वर्ष सरले, मार्च १८४४ ही लांबवलेली मुदतही टळली. मग त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख नक्की केली. हजारो माणसे त्या दिवशी वाट पाहत बसली. काहींनी दुकाने बंद केली होती, काहींनी शेतातले बटाटेही खणले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्य रोजच्यासारखा उगवला. त्या दिवसाला इतिहासात 'महानिराशा' असे नाव पडले आहे. पाहा कशी विपरीत गोष्ट, जग वाचले म्हणून माणसे रडली!

मिलर निदान स्वतः फसला होता. सगळेच तसे नसतात. दक्षिण कोरियात ली जांग रिम नावाच्या उपदेशकाने २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख दिली. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरे विकली, पैसे त्याच्या मंडळीला दिले. पोलिसांनी झडती घेतली तेव्हा या महाराजांनी लोकांच्या पैशांतून रोखे घेतलेले आढळले, आणि त्या रोख्यांची मुदत जगबुडीच्या तारखेनंतर संपत होती! फसवणुकीबद्दल त्याला शिक्षा झाली. पुढे कॅलिफोर्नियातल्या हॅरल्ड कॅम्पिंगने आपल्या रेडिओवरून २१ मे २०११ ही तारीख जगभर दवंडी पिटून सांगितली. न्यूयॉर्कमधल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याने आयुष्यभराची पुंजी त्या जाहिरातींवर घातली. तारीख टळली. कॅम्पिंगने २१ ऑक्टोबर सांगितली, तीही टळली. पुढच्या वर्षी त्याने चूक कबूल केली, पण त्या कबुलीने कोणाची पुंजी परत आली नाही.

हे सारे वाचून आपण हसायला मोकळे नाही. आपल्या घरचीही एक खतावणी आहे. १९६२ सालच्या फेब्रुवारीत, ३ ते ५ तारखांना, अष्टग्रहांची युती झाली. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठ ग्रह मकर राशीत एकत्र आले. देशभर यज्ञ झाले, मणामणाने तूप अग्नीत गेले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आमच्या आळीत रात्रंदिवस भजन चालले होते, आणि शाळा बुडाली म्हणून आम्ही पोरे त्या ग्रहांवर खूश होतो. आजी मात्र कोठीतले धान सारखे करत होती. "बुडाली तं बुडाली, नाही बुडाली तं खाशीन काय?" एवढाच तिचा सिद्धान्त. ६ तारीख उजाडली. त्याच महिन्यात देशात सार्वत्रिक निवडणूक झाली आणि बुडालेल्या जगातले नागरिक मतदानाला रांगेत उभे राहिले.

यावर कोणी म्हणेल, त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले, तेच त्या युतीचे फळ. ठीक आहे. मग युतीच्या आधी सात महिने, १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुणे पाण्याखाली गेले, ते कोणत्या युतीचे फळ? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून माणसे निजली असताना किल्लारीची धरणी हादरली आणि हजारो माणसे आपल्याच घरांच्या दगडांखाली गेली. त्या पहाटेची तारीख कोणत्या मुनिमाच्या वहीत होती? आमच्याच जिल्ह्यात ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला आणि भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बाळे दगावली. त्या दहा आयांचे जग त्या रात्री खरेच बुडाले. आकाशात कोणतेही चिन्ह नव्हते. साठ-पासष्ट वर्षांचा माझा अनुभव असा आहे की, ज्यांना तारीख होती ती संकटे आली नाहीत, आणि जी संकटे आली त्यांना तारीख नव्हती.

भविष्य सांगूच नये असे माझे म्हणणे नाही. वरच्या धरणाचे इतके दरवाजे उघडले, इतक्या तासांनी तुमच्या गावी पाणी इतके चढेल, हेही भविष्यच आहे. तुडतुडा दिसू लागला, आठ दिवसांत फवारणी केली नाही तर धान जाईल, हेही भविष्यच आहे. विजेच्या तारा जुन्या झाल्या, आग लागेल, वेळीच बदला, असे तपासणीच्या वहीत लिहिणारा माणूस मला संदेष्टाच वाटतो. या भविष्याची खूण अशी की, ते ऐकून माणूस उठतो आणि काही करतो. मुनिमाचे भविष्य ऐकून तो बसतो.

बायबलचे संदेष्टे कोणत्या जातीचे, असे विचाराल तर ते पहिल्या जातीचे. त्यांतला योना माझा फार आवडता. निनवे शहर चाळीस दिवसांत उलथून पडेल असे त्याने तिथे जाऊन सांगितले. लोकांनी ते मनावर घेतले, राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला, माणसे वाईट मार्ग सोडून वागू लागली. देवाला दया आली आणि शहर वाचले. भविष्य खोटे ठरले म्हणून योना रुसला! शहराबाहेर जाऊन बसला. देवाने त्याच्यावर सावलीपुरता एक वेल उगवला आणि दुसऱ्या दिवशी किडा लावून तो सुकवला. योना वेलासाठी हळहळू लागला, तेव्हा देवाने विचारले की, तुला या वेलाची कळकळ, मग ज्यांना उजवे-डावे कळत नाही अशी एक लाख वीस हजारांवर माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे या शहरात आहेत, त्यांची कळकळ मला नसावी काय? पुस्तक या प्रश्नावरच संपते. ज्या ग्रंथात देव गुरांचीही गणती धरतो, त्या ग्रंथाच्या जोरावर आमच्या शेतकऱ्याला फी भरू नको म्हणून कोणी सुचवावे, यापरते त्या ग्रंथाचे विडंबन कोणते?

तारखेच्या बाबतीत तर ग्रंथाने संशयाला जागाच ठेवलेली नाही. तो दिवस आणि ती घटका देवपित्याखेरीज कोणाला ठाऊक नाही, स्वर्गातल्या दूतांना नाही आणि पुत्रालाही नाही, असे येशूनेच शिष्यांना सांगितले. अनुवाद नावाच्या पुस्तकात खोट्या संदेष्ट्याची परीक्षा दिली आहे. त्याने सांगितलेले घडले नाही तर तो देवाचा माणूस नव्हे, त्याला भिऊ नका. थेस्सलनीका गावी पहिल्याच शतकात काही मंडळी प्रभू आता येतोच आहे म्हणत काम टाकून बसली होती. संत पौलाने पत्र लिहून त्यांना कामाला लागण्याची ताकीद दिली. म्हणजे हा रोगही जुना आणि त्यावरचे औषधही त्याच पेटीत.

आता प्रतिपक्षाची बाजू. ते म्हणतात, युद्धे, दुष्काळ, भूकंप, रोगराई ही ग्रंथात सांगितलेली चिन्हे आज दिसत नाहीत काय? दिसतात. पण कोणत्या पिढीला ती दिसली नाहीत? १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी आमचा मध्यप्रांत होरपळून काढला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने त्याच मध्यप्रांतात गावेच्या गावे ओस पाडली. ते लोक तर म्हणू शकत होते की हाच अंत. आपण त्यांची पणतवंडे आहोत, म्हणजे तो अंत नव्हता. जी खूण प्रत्येक शतकाला लागू पडते, ती कोणत्याच शतकाची खूण होऊ शकत नाही. सर आयझॅक न्यूटनसारखा बुद्धिमंतही या आकड्यांत रमला होता. इ. स. ८०० मध्ये १२६० मिळवून त्याने २०६० हे साल काढले. पण त्याच कागदावर त्याने नमूद केले की, अंताचा काळ ठरवण्याचा आपला दावा नाही, उतावळ्यांच्या भाकितांनी ग्रंथाची होणारी बदनामी थांबावी म्हणून हे लिहिले. न्यूटनपाशी तो संकोच होता.

दुसरे म्हणतात, भीतीने का होईना, लोक नीट वागतात. मला हे पटत नाही. १९६२ च्या त्या भजनाच्या दिवसांत आमच्या गावच्या एका सावकाराने गहाणवट सोडून दिल्याचे मी ऐकले नाही. भीतीने माणूस चार दिवस हात जोडतो आणि पाचव्या दिवशी दुप्पट बेफिकीर होतो, कारण भ्यायलाही काही अर्थ नव्हता हे त्याला कळते. मग धरणाचा खरा भोंगा वाजला तरी तो म्हणतो, हीही एक अफवाच.

तिसरा आक्षेप मात्र मानाचा आहे. तुम्ही श्रद्धेवर घाव घालता, असे कोणी म्हणेल. नाही. एक दिवस न्याय होईल, जुलमाचा हिशोब कोणी तरी मागेल, डोळ्यांतली आसवे पुसली जातील, ही आशा मी लहान मानत नाही. तिच्या जोरावर माणसे जगली आहेत. माझे भांडण तिला जोडलेल्या तारखेशी आहे. आशेला तारीख लावली की तिची हुंडी होते, आणि हुंडी न वटली की आशाही बुडते.

श्रद्धा कशी असते हे पाहायचे तर पंडिता रमाबाईंकडे पाहावे. दुष्काळाने त्यांच्या आईबापांना त्यांच्या डोळ्यांदेखत नेले होते. १८९७ साली दुष्काळाने पिडलेल्या आमच्या मध्यप्रांतात त्या स्वतः आल्या आणि शेकडो निराधार मुली व बाया आपल्याबरोबर नेऊन केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना आसरा दिला. बायबल त्यांनी वरवर चाळले नव्हते. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध ग्रंथ सोप्या मराठीत आणला, आणि ते काम हातून उतरवून १९२२ साली देह ठेवला. दुष्काळ हे शेवटच्या काळाचे चिन्ह आहे, हे वाक्य त्यांच्याइतके जवळून कोणी वाचले असेल? ते वाचून त्यांनी मुलींना अन्न दिले, अक्षर दिले, हाताला काम दिले. अशा बाईपुढे आपले मुनीम आकडेमोड घेऊन उभे राहिले असते, तर तिने त्यांच्या हाती आधी पाण्याची घागर दिली असती, असे मला वाटते.

म्हणून जगबुडीची तारीख ठाऊक असलेल्या प्रत्येक महापुरुषाला माझे एक जाहीर आव्हान आहे. त्याने साकोलीच्या किंवा भंडाऱ्याच्या, त्याला सोयीच्या, निबंधक कार्यालयात यावे आणि त्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून आपले घर, शेत आणि बँकेतली ठेव माझ्या नावे करून द्यावी. मुद्रांकाचा खर्च मी करीन. त्याला त्या दिवशी घर लागणारच नाही, तेव्हा नुकसान कोणाचेच नाही. सही करताना त्याचा हात थरथरला, तर आमच्या शेतकऱ्याने लेकीची फी निर्धास्त भरावी.

फी भरली गेली, हे वाचकांना सांगून टाकतो. मुलगी नागपुरात शिकते आहे. सुया, नाडी, ताप यांचे जे भविष्य तिला तिथे शिकवतात, ते गावाच्या फार उपयोगी पडणार आहे.

आता अंकाची मागची पाने खुशाल उघडा. आमच्याकडे हलके धान कापून झाले की कडपा वाळतो, पुंजणे लागतात, आणि भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, दिवसा दंडार होते, रात्री नाटक रंगते. मंडईची तारीख गावकरी बसून ठरवतात. ती चुकल्याचे मी आजवर पाहिलेले नाही. कधी आलात तर जेवायला आमच्याकडे या, नव्या तांदळाचा भात आहे.